नायक शेवटी बोलतो

जनसुनावणीला सगळ्यांसाठी खुर्च्या होत्या, पण रीता खाली सतरंजीवरच बसली. समोर दुसऱ्या रांगेत तिचा सासरा होता. सासऱ्याच्या पाठीमागे का होईना, सुनेनं खुर्चीवर बसायचं म्हणजे तांड्याला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला असता. शेजारी सासू, हिरीबाई, मांडी घालून बसली होती आणि मांडवाचं झालरीचं कापड न्याहाळत होती. कापड लग्नाचं होतं. सरकारी कामासाठी वेगळा मांडव गावात आणायचा कुठून?

विषय माळाचा होता. आसरखेड गाव आणि त्याला लागून असलेला खडकी तांडा, या दोघांच्या मधोमध तो पसरलेला. कागदावर सरकारची ई-क्लास, म्हणजे चराईची पडीक जमीन, प्रत्यक्षात तांड्याच्या ढोरा-बकऱ्यांचं घर. त्या माळाला तारेचं कुंपण घालून आत सौरऊर्जेचा प्रकल्प करायचा बेत होता. जमीन द्यायची की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला जिल्ह्याहून एक साहेब आले होते. सोबत दोन कारकून, एक कॅमेरावाला आणि कंपनीचा एक तरतरीत पोरगा, ज्याच्या शर्टाची इस्त्री त्या धुळीतही मोडली नव्हती.

रीताला कोणी विचारलं असतं तर तिनं आपलं म्हणणं एका दमात सांगितलं असतं. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर ती देवानंदबरोबर, म्हणजे नवऱ्याबरोबर, ऊसतोडीला जात होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. अंधारात उसाच्या फडात शिरायचं, त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि रात्री पाचटाच्या झोपडीत, कोपीत, अंग टाकायचं. त्यांची मुलगी निकिता त्या कोपीतच चालायला शिकली. शाळेत तिचं नाव इकडे आणि लेकरू तिकडे, अशी दोन वर्षं गेली. मग देवानंदनंच दोन बकऱ्या आणून दारात बांधल्या आणि म्हणाला, "तू राय आता घरी. पोरीले शिकव." त्या दोन बकऱ्यांचा बघता बघता कळप झाला. रीता घरी राहिली, निकिता शाळेत जायला लागली. देवानंद मात्र चुलतभावाबरोबर जोडी लावून उसाला जातच होता. माळ होता म्हणून बकऱ्या होत्या आणि बकऱ्या होत्या म्हणून रीता घरी होती. माळ गेला की ती पुन्हा फडात जाणार आणि पोरगी कोपीत, हे तिला लख्ख दिसत होतं.

पण ती बोलणार नव्हती. बोलायचं नायकानं.

तांड्याची ही रीत गावातल्या लोकांना कधी नीट कळली नाही. काही ठरवायचं असलं की तांड्याची बैठक बसते, तिला नसाब म्हणतात. नसाबीत आधी बाकीचे पुरुष बोलतात, भांडतात, प्रसंगी अंगावर जातात. नायक गप्प बसून ऐकतो. सगळ्यांची तोंडं दमली की तो उठतो आणि एक वाक्य बोलतो. तो तांड्याचा शब्द. त्यानंतर कोणी ब्र काढत नाही, आणि त्याच्या आधी तांड्याच्या वतीनं परक्यापुढं कोणी तोंड उघडत नाही. खडकी तांड्याचा नायक म्हणजे मदनसिंग राठोड, रीताचा सासरा. आज तो पांढरं पागोटं बांधून, काठी गुडघ्यांत धरून, देवळात बसावं तसा निवांत बसला होता. तो शेवटी बोलणार, याबद्दल रीताच्या मनात तिळभर शंका नव्हती.

आधी साहेब बोलले. पृथ्वी तापते आहे, हवामान बदलतं आहे, कोळशाची वीज कमी करायची आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. घाम पुसत, लोकांना समजेल असं बोलायचा प्रयत्न करत होता. पृथ्वी तापल्याची बातमी रीताला नवीन नव्हती. मार्चातल्या फडात ती उभी राहिलेली होती.

मग गावचा जगदेव उठला. विहीरवाला शेतकरी, बोलायला फटकळ.

"साहेब, आमाले दिवसा लाईन पायजे," तो म्हणाला. "रातच्याले लाईन येते. हरभऱ्याले पाणी द्यायले गेला आन् माह्या भावाले सापानं धरलं. वाचला, पण पाय गेला. सूर्याची लाईन दिवसा येत असन तं उद्याच चालू करा. माळावर तसंही हाये काय? गोटे."

टाळ्या पडल्या. जगदेवचं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच रीताला त्याचा जास्त राग आला. लबाड माणसावर चिडायला सोपं जातं. या बापड्याच्या भावाचा पाय गेला होता, आणि त्या पायाच्या बदल्यात हिच्या बकऱ्या जाणार होत्या.

कंपनीच्या पोरानं माईक घेतला. गावाला दिवसा वीज, शाळेला पंखे आणि नोकरीत तांड्याच्या तरुणांना प्राधान्य, असं तो हसत हसत सांगून गेला. हेच बोलणं त्यानं आधी तांड्यातल्या पोरांच्या मोबाईलवरही फिरवलं होतं. एकामागून एक माणसं उठली. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, किराणावाला. सगळ्यांचं म्हणणं एकच. मदनसिंग ऐकत होता. त्याच्या मागे तांड्यातली चार म्हातारी माणसं आणि बाया बसल्या होत्या, त्याही ऐकत होत्या. तांड्यातले कामाचे सगळे पुरुष एकाच टोळीत, एकाच मुकादमाखाली, दूर कोल्हापूरकडे ऊस तोडत होते.

"अजून कोणाला काही बोलायचंय?" साहेबांनी विचारलं.

कोणी उठलं नाही. रीतानं सासऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. पाठ हलली नाही.

"कोणाची काही हरकत? विरोधात कोणी?"

मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं. कारकुनानं पेनाचं टोपण लावलं. तिच्या लक्षात आलं की इथं शेवट वेगळ्या तऱ्हेनं होतो. नसाबीत सगळे गप्प झाले की नायक उठतो. इथं सगळे गप्प झाले की साहेब उठतात. सासरा शेवटाची वाट पाहत बसला होता आणि शेवट त्याच्या डोळ्यांदेखत उरकून चालला होता.

"याडी," तिनं सासूला कोपरानं ढोसलं, "त्याहीले सांग ना उठाले."

"नायकाले कोनी उठवत असते का?" हिरीबाई पुटपुटली.

"साहेब उठून राह्यला, याडी!"

"गप बैस."

गप्प बसणं रीताला येत होतं. लग्न झाल्यापासून तिनं दुसरं केलं काय होतं? सासऱ्यासमोर पदर पुढं, आवाज खाली. पाणी हवं का विचारायचं तरी सासूमार्फत. एवढ्या वर्षांत ते दोघं एकमेकांशी थेट एक शब्दही बोलले नव्हते. उठावं तर सासऱ्याच्या पागोट्याला हात घातल्यासारखं, बसावं तर माळ जातो. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली, आणि रीता उभी राहिली.

"मले बोलायचं हाये."

अख्खा मांडव वळला. फक्त मदनसिंग वळला नाही. कॅमेरावाला धावत आला, कोणीतरी माईक हातात दिला. तिनं पदर तोंडावर आणखी ओढला, इतका की साहेबांचे फक्त बूट दिसत होते. ती त्या बुटांशी बोलली.

"माहं नाव रीता देवानंद राठोड. माळावर गोटे हायेत, खरं हाये. पण गोट्यायच्या मंधात चारा हाये. त्याच्यावर आमच्या बकऱ्या जगतात आन् बकऱ्यायवर आमी. तिकडं तार लावली की आमाले पोरीबाळी घेऊन ऊसाले जा लागते. तुमाले लाईन पायजे, घ्या ना बापा. पडीत वावरं हायेत, टेकड्या हायेत. आमचाच माळ काहून पायजे?"

बायांमधून एक बारीक हुंकार उठला. आपलाच आवाज कर्ण्यातून परत आला तरी रीता बसली नाही. साहेबही खुर्चीत पुन्हा टेकले. त्यांनी कारकुनाला टोपण काढायला लावलं.

"हे तांड्याचं म्हणणं आहे की तुमचं एकटीचं?"

एकटीचं म्हणावं तर एका बाईच्या बोलण्याला विचारतो कोण. तांड्याचं म्हणावं तर नायक समोर जिवंत बसलेला.

"नायक आले आहेत ना?" साहेबांनी मदनसिंगकडं पाहिलं. "नायकजी, तुम्ही सांगा. तांड्याचा विरोध आहे, असं लिहू का?"

मदनसिंग सावकाश उठला. काठीवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "साहेब, आमची नसाब बसली नाई. मानसं ऊसाले गेली हायेत. होळीनंतर येतीन, तवा बसन. त्याच्याबिगर मले हो म्हनता येत नाई आन् नाई बी म्हनता येत नाई."

आणि खाली बसला.

रीताचं डोकं भणाणलं. शेवटी बोलणार, शेवटी बोलणार म्हणून वाट पाहिली, आणि हे बोलला? अख्ख्या गावासमोर ती तोंड वर करून उभी राहिली, आणि सासऱ्यानं तिचं बोलणं हातावरची माशी झटकावी तसं झटकून टाकलं. पलीकडं जगदेवच्या रांगेत कोणीतरी हसलं. साहेब कारकुनाकडं झुकून काहीतरी पुटपुटत होते, पण रीताला आता काही ऐकायचं नव्हतं. तिला राग आला होता, अनेक वर्षांचा साठलेला, आणि त्या रागात तिला एक उपायही सुचला. तो सुचल्याबरोबर तिला स्वतःचं कौतुक वाटलं. बिचारीला तेवढं क्षणभराचं कौतुकच मिळायचं होतं.

"बसली नाई तं आत्ता बसवा," ती माईकवरच म्हणाली. "सारी टोळी एका फडात हाये. आत्ता जेवाची सुट्टी असन. फोन लावते मी. घ्या विचारून."

मदनसिंग गर्रकन वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं सुनेच्या पदराकडं थेट पाहिलं. पदराच्या कडेखालून तिला त्याचा चेहरा दिसला; त्याच्या डोळ्यांत संताप असेल असं तिला वाटलं होतं. पण तो संताप नव्हता, घाबरलेपण होतं, आणि ते तिला त्या घडीला समजलं नाही.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "हे फार चांगलं सुचवलंत. लावा फोन."

नको म्हणायला नायकाला तोंड कुठून असणार? माणसं नाहीत म्हणून नसाब नाही, असं त्यानंच तर सांगितलं होतं. रीतानं देवानंदला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. सगळ्यांना जवळ बोलावून घ्या, बा बोलणार आहे, एवढंच सांगून तिनं फोन कारकुनाकडं दिला. कारकुनानं तो स्पीकरवर टाकून माईकजवळ धरला. कर्ण्यातून वारा ऐकू आला, उसाच्या पानांची सळसळ आणि माणसांची कुजबुज. तो फड रीताच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. तिची खात्री होती. बकऱ्या कोणी आणून दिल्या होत्या? घरी राय म्हणून कोण म्हणालं होतं?

मदनसिंगनं रीतीप्रमाणं विचारलं. आवाज खोल गेला होता.

"भावायहो, मी मदनसिंग नायक बोलून राह्यलो. माळाची गोठ हाये. सरकार माळ मांगून राह्यलं. द्याचा का नाई, बोला."

मग राजपालचा आवाज आला, देवानंदचा तो चुलतभाऊ. "नायक, आमी तं केव्हाचं म्हनून राह्यलो नसाब बसवा. देऊन टाका ना. कंपनी नोकरी देऊन राह्यली."

"हो, द्या, द्या," मागून दोघं-तिघं म्हणाले.

"वाचमनची नोकरी हाये, बसून पगार."

"देवानंद?" मदनसिंगनं विचारलं.

रीता माईकजवळ सरकली.

"बा, मी बी तेच म्हन्तो," देवानंद म्हणाला. त्याला माहीत नव्हतं की आपला आवाज कर्ण्यावरून अख्ख्या आसरखेडात घुमतोय. "देऊन टाक. इथी कंबर गेली माही. सकाळी उठवत नाई. किती वर्स ऊस तोडू? मले बी घरी याचं हाये, बा. माह्या पोरीजवळ, बायकोजवळ राहाचं हाये. वाचमन झालो तं माळावरच राहीन."

गावकऱ्यांत हसू पसरलं, या वेळी चांगलं, मायेचं हसू. बायकोजवळ म्हणाला ना! एका म्हातारीनं तर डोळ्याला पदर लावला. रीता माईकपासून हातभर अंतरावर उभी होती. हात लांबवला असता की माईक हातात आला असता. पण आता नसाब बसली होती, आणि नसाबीत बाईला तोंड नसतं. ती बसवली मात्र तिनंच होती. आणि समजा बोललीच असती तरी काय म्हणणार होती? तुमी येऊ नका घरी, असं? गेली दोन वर्षं ती देवाजवळ हेच मागत होती. तो घरी यावा म्हणून ती रडली होती, आणि आज तो येतो म्हणत होता, ते माळ देऊन.

"अजून कोनी?" मदनसिंगनं विचारलं. तो वेळ काढत होता, हे आता रीतालाही कळलं. "कोनाची ना हाये का? बोला, मनमोकळं बोला."

फडातून फक्त वारा आला.

मग नायक उठला. शेवटी तो बोलतो, तसा बोलला. "साहेब, तांड्याची ना नाई."

टाळ्या जोरात पडल्या. साहेबांनी उभं राहून मदनसिंगचा हात हातात घेतला, आणि कॅमेऱ्यासाठी पुन्हा एकदा घेतला. कारकुनानं लिहिलं. मग साहेब मुद्दाम रीताजवळ आले. "ताई, तुमच्यामुळं आज काम पूर्ण झालं," ते मनापासून म्हणाले. "नाहीतर तांड्याच्या मताशिवाय मला प्रस्ताव पुढं पाठवताच आला नसता. होळीनंतर नवी तारीख घ्यावी लागली असती, आणि तोवर या वर्षाची मुदत संपली असती. मग कुठला प्रकल्प न्‌ काय." त्यांना वाटलं आपण कौतुक करतोय.

खुर्च्या गोळा होऊ लागल्या. हिरीबाईनं कंपनीच्या पोराला गाठलं. ती व्यवहाराची बाई. "बाबू, वाचमन किती लागतीन तुमाले?"

"मावशी, सध्या दोन," पोरगा वायर गुंडाळत म्हणाला. "एक दिवसाचा, एक रातचा. बाकी सगळं मशीनच करते."

तांड्याकडची वाट माळावरूनच जाते. मदनसिंग पुढं, त्याच्या मागं हिरीबाई, आणि सगळ्यांत मागं रीता. गाव मागं पडलं. मग मदनसिंग बायकोशी बोलायला लागला, पण आवाज मागच्या माणसाला ऐकू जाईल एवढा मोठा होता. सुनेशी बोलायचा हाच एक मार्ग त्याला ठाऊक होता.

"दिवाळीपासून पोट्टे फोन करून राह्यले, नसाब बसवा म्हनून. मी आज बसवू, उद्या बसवू करून राह्यलो. मले माईत होतं ते काय बोलतीन. नसाब बसली नाई तोवर तांड्याचा हो कोठून येईन? आन् तांड्याच्या हो-बिगर साहेब काय करीन? मी काई न बोलून माळ धरून ठेवला होता. कोनाले सांगतलं नाई, सांगतलं असतं तं पोट्ट्यायच्या कानावर गेलं असतं." तो थांबला, मग म्हणाला, "तिले म्हनाव, ती बरोबर बोलली. पयलं बोलली ते बरोबर होतं. पन दुसरं बोलाच्या आंधी एकडाव तुह्याजवळ विचारलं असतं तं."

"मले विचारून काय झालं असतं, मले कोठी माईत होतं?" हिरीबाई म्हणाली. "तुमी मले तरी सांगतलं का?"

मदनसिंग काठी टेकत पुढं चालत राहिला. रीताला ओरडायचं होतं, की मामाजी, मी तुमच्या मागं हातभर अंतरावर बसली होती, मान वळवून एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? पण ओठ उघडले नाहीत. मघाशी अख्ख्या गावासमोर उघडलेलं तोंड इथं, उघड्या माळावर, सासऱ्याच्या पाठीमागं पुन्हा मिटलं होतं.

फोन वाजला. देवानंद होता. ती वाटेवरच थांबली आणि दोघांना पुढं जाऊ दिलं.

"ऐकून राह्यली का?" तो हसत होता. किती महिन्यांनी असा हसत होता! "बा नं हो म्हनलं म्हने? आता पाह्य, हा शेवटचा ऊस. राजपाल म्हन्तो तो रातपाळी करीन, मी दिवसपाळी. आपला गोलू म्हन्तो मलेबी दिवसपाळीच पायजे, भांडून राह्यला आत्ताच!" मागं माणसं खिदळत होती. सगळ्यांनी आपापली पाळी वाटून घेतली होती. "तू बकऱ्यायले गिऱ्हाईक पाह्य हळूहळू. आता कायले पायजेत त्या?"

रीताच्या जिभेवर दोन हा शब्द आला होता. दोनच घेणार आहेत, एवढं म्हटलं की पलीकडचं हसू बंद पडलं असतं. त्याला अजून होळीपर्यंत मोडक्या कमरेनं ऊस तोडायचा होता.

"काहून बोलून नाई राह्यली?" देवानंदनं विचारलं. "मी घरी येऊन राह्यलो, तुले आनंद नाई झाला का?"

"झाला," रीता म्हणाली.